दुसऱ्याच्या नावाचं पत्र, अनोळखी माणसाची बेल : उपनगरांतल्या घरमालकांनी आणि भाडेकरूंनी काय करावं?

बोरिवली किंवा घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत भाड्याने फ्लॅट घेतला की पहिल्या महिन्यापासून आधीच्या भाडेकरूची पत्रं येऊ लागतात. बँकेचं स्टेटमेंट, विम्याची आठवण, क्रेडिट कार्डाचं बिल. ही पाकिटं चपलांच्या कपाटावर साचत जातात. काही महिन्यांनी स्पीड पोस्टाने बँकेची नोटीस येते आणि पुढे एका संध्याकाळी दारात दोन माणसं उभी राहतात. ‘ते इथेच राहतात ना?’ ‘नाही’ म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसत नाही, कारण त्यांच्या कागदावर पत्ता हाच आहे.

नको असलेले पाहुणे आणि चुकीचं टपाल या एरवी दोन वेगळ्या कटकटी मानल्या जातात. प्रत्यक्षात दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. कागदावरचा पत्ता आणि तिथे राहणारा माणूस यांची फारकत झालेली असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरसारख्या भागांत ही फारकत सतत होते. इथे अकरा महिन्यांच्या कराराने माणसं बदलतात आणि पुनर्विकासात अख्ख्या इमारती बदलतात. मधल्या काळात कायदाही बदलला आहे आणि त्याची फारशी चर्चा झालेली नाही.

पत्र चुकतं कसं?

पत्त्यांचा गोंधळ कमी करण्यासाठी देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ही कल्पना टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, यातून वाट काढण्यासाठी सहा आकडी संकेतांक आला. पहिले तीन आकडे टपालाचा विभाग सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस.

म्हणजे पिनकोड पत्राला पोस्ट ऑफिसपर्यंत आणून सोडतो. तिथून दारापर्यंतचं काम पोस्टमनच्या डोक्यातल्या नकाशाचं. मुलुंडमध्ये पश्चिमेचा ४०००८०, पूर्वेचा ४०००८१ आणि मुलुंड कॉलनीचा ४०००८२. घाटकोपर पूर्वेतच पंतनगरचा ४०००७५ आणि राजावाडीचा ४०००७७, पश्चिमेत ४०००८६. अंधेरीत पूर्व-पश्चिम मिळून पाच तरी पिनकोड आहेत. शेवटचा एक आकडा चुकला की पत्र रुळांच्या पलीकडे जातं. त्यात रस्त्यांची नावं तीच ती. महात्मा गांधी रोड घाटकोपरला आहे आणि मुलुंडलाही. एस. व्ही. रोड अंधेरीतून जातो आणि बोरिवलीतूनही. एलबीएस मार्ग घाटकोपर आणि मुलुंड दोन्हीकडे लागतो. सोसायट्यांच्या ‘गणेश कृपा’ आणि ‘ओम साई’ किती, याची मोजदाद नकोच.

पुनर्विकासाने यात नवी भर घातली. तीन मजली जुन्या इमारतीतला ‘खोली क्रमांक ७’ टॉवरमध्ये ‘बी विंग, १४०३’ होतो. मधली काही वर्षं रहिवासी विकासकाच्या भाड्यावर दुसरीकडे राहतात, पण बँक, विमा, शेअर, निवृत्तिवेतन, सगळीकडे जुनाच पत्ता असतो. पाडलेल्या इमारतीच्या पत्र्याच्या कुंपणावर तर पत्र टाकता येत नाही. मग नेहमीचा पोस्टमन असेल तर तो शेजारच्या दुकानात ठेवतो, नवा असेल तर शेरा मारून परत पाठवतो.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साह्याने तयार केलेला हा दहा अक्षरी संकेत देशाची जमीन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागतो. खेड्यातल्या वाडीवरचं घर किंवा गल्लीबोळांतली खोली शोधायला तो उपयोगी पडेल. उपनगरातल्या टॉवरची अडचण मात्र निराळी आहे. एकाच चौकोनाच्या डोक्यावर तीस फ्लॅट एकावर एक रचलेले असतात आणि डिजिपिन मजला सांगत नाही. तिथे शेवटी खालच्या पत्रपेट्या आणि वॉचमन यांच्यावरच भिस्त राहते.

दुसऱ्याचं पत्र ठेवून घेतलं तर गुन्हा होतो का?

‘दुसऱ्याचं पत्र फोडणं गुन्हा आहे’ हे घराघरांत ऐकलेलं वाक्य. ते ज्या कायद्यावर उभं होतं, तो आता नाही.

१८९८ च्या भारतीय टपाल कार्यालय कायद्यात याबद्दल दोन स्पष्ट कलमं होती. कलम ६८ नुसार दुसऱ्याकडे जायला हवी असलेली टपाल वस्तू लबाडीने ठेवून घेतली, मुद्दाम दडवली किंवा टपाल अधिकाऱ्याने मागूनही दिली नाही, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. कलम ६९ नुसार कुणाचं नुकसान करण्याच्या हेतूने त्याचं पत्र उघडणं किंवा त्याच्यापर्यंत पोहोचू न देणं, यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या जनविश्वास कायद्याने या जुन्या कायद्यातले गुन्हे आणि शिक्षा काढून टाकल्या. त्यापाठोपाठ डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा टपाल कार्यालय कायदा संमत केला. तो १८ जून २०२४ पासून लागू आहे आणि त्यात असे गुन्हेच नाहीत. विधेयकावर चर्चा झाली ती मुख्यतः सरकारला टपाल अडवून तपासण्याचे अधिकार देणाऱ्या कलमावर. शेजाऱ्याने अडवलेल्या पत्राचं काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

याचा अर्थ आता मोकळं रान आहे असा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ४०३, दुसऱ्याच्या जंगम मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार हा गुन्हा मानतं. या कलमाखाली दिलेलं एक उदाहरण १८६० पासून चालत आलेलं आहे. रस्त्यात सापडलेल्या पत्रात नोट आहे, मजकुरावरून ती कुणाची हे कळतं आणि तरी सापडणारा ती खिशात घालतो. कायदा त्याला दोषी धरतो. याच कलमाचं स्पष्टीकरण असंही सांगतं की मूळ मालकाला परत देण्यासाठी वस्तू सांभाळून ठेवणारा गुन्हेगार नसतो. तेव्हा शेजारच्या बाईंचं पार्सल दोन दिवस आपल्याकडे ठेवणाऱ्याने घाबरण्याचं कारण नाही. त्या पार्सलमधला मिक्सर वापरायला काढणाऱ्याने घाबरावं.

अडचण आहे ती निव्वळ कागदांची. कुणी दुसऱ्याचं बँक स्टेटमेंट कुतूहलाने उघडलं, वाचलं आणि कचऱ्यात टाकलं, तर त्यात ‘अप्रामाणिक’ लाभ किंवा नुकसान सिद्ध करणं कठीण. जुन्या कलम ६९ मध्येही नुकसानीचा हेतू लागत होताच, पण निदान पत्र फोडण्याच्या कृतीला कायद्यात नाव होतं. ते नाव पुसून टाकताना त्याजागी काहीच आणलं नाही, ही नव्या कायद्यातली उणीव म्हणावी लागेल. ज्या शहरात एकाच पत्त्यावर दर अकरा महिन्यांनी नवी माणसं येतात, तिथे ती जास्त जाणवते.

मग त्या पत्राचं करायचं काय?

सगळ्यात साधा उपाय म्हणजे पाकीट न उघडता त्यावर ‘ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही’ असं लिहून पोस्टमनच्या हातात देणं किंवा जवळच्या टपालपेटीत टाकणं. नवं तिकीट लागत नाही. पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं आणि बँकेसारख्या ठिकाणी त्याची नोंद होते. अनेक बँका पत्र परत आलं की ग्राहकाला फोन किंवा ईमेल करून पत्ता विचारतात. म्हणूनच पत्र फाडून टाकणं सोपं वाटलं तरी परत पाठवणं फायद्याचं ठरतं. ज्या पत्राचा परतीचा पत्ताही सापडत नाही, ते टपाल खात्याच्या परत आलेल्या पत्रांच्या कार्यालयात जातं. ते उघडून पाहण्याचा अधिकार तिथल्यांना असतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला नाही.

खासगी कुरिअरचं पार्सल टपालपेटीत टाकता येत नाही. ते ज्या कंपनीचं आहे तिला पाकिटावरच्या क्रमांकावरून कळवणं आणि पोच म्हणून एक फोटो काढून ठेवणं पुरेसं आहे. न मागवलेलं ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ पार्सल आलं तर घेऊच नये. वॉचमनकडून किंवा घरातल्या आजींकडून परस्पर पैसे घेऊन रिकामं खोकं देण्याचा प्रकार याच वाटेने होतो. ‘तुमचा पत्ता अपूर्ण आहे, पार्सल थांबलंय, या लिंकवर दुरुस्त करा’ हा टपाल खात्याच्या नावाने येणारा एसएमएसही खोटाच असतो. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाने त्याबद्दल इशारा दिलेला आहे.

घर सोडून जाणाऱ्यांसाठी दुसरी बाजू. आपलं टपाल नव्या पत्त्यावर वळवण्यासाठी जुन्या पत्त्याच्या वाटप पोस्ट ऑफिसात लेखी अर्ज देता येतो. पुनर्विकासासाठी घर रिकामं करताना शंभर कुटुंबं शंभर ठिकाणी जातात. विकासकाशी करार करताना भाड्याचे धनादेश, सामान हलवण्याचा खर्च, कॉर्पस फंड या सगळ्याची चर्चा होते. टपालाचा अर्ज मात्र बहुतेकांच्या यादीत नसतो.

रजिस्टर्ड पोस्ट बंद झाल्याने काय फरक पडला?

१ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. बातम्यांत याचं वर्णन ‘एका युगाचा अंत’ असं झालं. व्यवहारात महत्त्वाचा मुद्दा वेगळा होता. रजिस्टर्ड पत्र व्यक्तीला द्यायचं असे, स्पीड पोस्ट पत्त्यावर. पहिल्यात ज्याचं नाव आहे तो किंवा त्याने अधिकार दिलेला माणूसच सही करू शकत असे. दुसऱ्यात त्या पत्त्यावर जो भेटेल त्याला देता येतं.

व्यक्तीलाच देण्याची सोय संपलेली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टवर प्रत्येक वस्तूमागे ५ रुपये अधिक जीएसटी भरून ‘नोंदणी’ ही जोडसेवा घेता येते. तेवढ्याच पैशांत ओटीपी दाखवल्यावरच वाटप करण्याचीही सोय आहे. पण हा पर्याय पाठवणाऱ्याने निवडायचा असतो. त्याने पाच रुपये वाचवले तर महत्त्वाचा कागद सोसायटीच्या गेटवरच्या टेबलावर पडून राहू शकतो.

टेबलावर पडून राहण्याची किंमत मोठी असू शकते. धनादेश न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर पुढचा खटला टळतो. योग्य पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेला कागद मिळाला असं १८९७ च्या साधारण वाक्यखंड कायद्याचं कलम २७ गृहीत धरतं. ‘दार बंद’ किंवा ‘घेण्यास नकार’ हा शेरा आला म्हणून नोटीस लागू झालीच नाही असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या सी. सी. अलावी हाजी प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच निकालात न्यायालयाने एक वाटही ठेवली. नोटीस खरोखर मिळालीच नसेल, तर समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरून सुटका करून घेता येते. नकोशी नोटीस परत पाठवली की प्रश्न मिटला, ही समजूत मात्र महागात पडते.

समन्सच्या बाबतीत एक बदल मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. दुपारी घरात बहुतेक वेळा बाई असते, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ नुसार माणूस घरी नसेल तर समन्स कुटुंबातल्या सज्ञान ‘पुरुषाकडेच’ देता येत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ६६ मधून ‘पुरुष’ हा शब्द गेला. आता पत्नीने, आईने किंवा सज्ञान मुलीने घेतलेलं समन्सही चालतं. तेव्हा सही करण्याआधी कागद वाचणं आणि तो संध्याकाळपर्यंत ज्याचा त्याला देणं हे आता त्यांच्यावरही आलं. नोकर मात्र कायद्याच्या भाषेत ‘कुटुंबातला’ धरला जात नाही. सोसायटीच्या वॉचमनचा तर प्रश्नच नाही.

वसुलीवाले दारात आले तर?

आता पुन्हा त्या दोन माणसांकडे. कर्ज आधीच्या भाडेकरूचं आहे आणि बेल नव्याच्या दारावर. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुली प्रतिनिधींनी धाकदपटशा करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, कर्जदाराचे कुटुंबीय, मित्र किंवा संदर्भ म्हणून नाव दिलेल्यांच्या खासगीपणात घुसायचं नाही आणि सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करायचे नाहीत. प्रतिनिधीच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच राहते. त्याने ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र जवळ ठेवायचं, हा नियम २००८ पासूनचा. गंमत अशी की या सगळ्यात ज्याचा कर्जाशी काडीचा संबंध नाही असा नवा भाडेकरू कुठेच येत नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कर्जदार होता, कर्जदाराचा जुना पत्ता नव्हता.

अशा वेळी नव्या भाडेकरूच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. तो राहायला कधी आला याची सरकारी तारीख त्यावर असते. दारात आलेल्या माणसाला त्याची झेरॉक्स किंवा फोटो मात्र देऊ नये. त्यावर घरमालकाचा आणि भाडेकरूचा तपशील असतो. प्रतिनिधीचं नाव, संस्था आणि बँकेचं नाव लिहून घ्यावं. आपण कोणत्या तारखेपासून इथे राहतो आणि कर्जदाराशी आपला संबंध नाही, हे बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने कळवावं. आधी परत पाठवलेल्या पाकिटांचे फोटो इथे कामाला येतात.

बेल वाजवणं हा गुन्हा नाही. पण घरात आलेला माणूस ‘बाहेर जा’ म्हटल्यावरही धमकावण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने थांबून राहिला, तर न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली तो गृह-अतिक्रमण ठरू शकतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणून बोलणं उंबऱ्याच्या बाहेर, साखळी लावून किंवा जाळीच्या दारातून झालेलं बरं. जुन्या इमारतींत लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार असे. नव्या टॉवरमध्ये ते ‘एलेव्हेशन’ बिघडवतं म्हणून काढायला लावतात. सोय गेली आणि जागी पीपहोल आलं.

अनोळखी कंपनीच्या नावाने पत्रं येत असतील तर प्रकरण आणखी गंभीर असू शकतं. दुसऱ्याचं वीजबिल आणि खोटं संमतिपत्र वापरून बनावट जीएसटी नोंदणी काढायची, न झालेल्या व्यवहारांची बिलं फाडायची आणि गायब व्हायचं, हा धंदा देशभर चालतो. केंद्राने १६ मे ते १५ जुलै २०२३ या दोन महिन्यांत राबवलेल्या मोहिमेत २१,७९१ नोंदणीधारक प्रत्यक्षात अस्तित्वातच नसल्याचं आढळलं. संशयित करचुकवेगिरीचा आकडा २४,०१० कोटी रुपये होता. २०२४ मध्ये पुन्हा तशीच मोहीम घ्यावी लागली. या प्रत्येक खोट्या नोंदणीला कुठला तरी पत्ता दाखवलेला असतो. कर विभागाचा माणूस तपासाला येतो तो तिथेच. त्यामुळे ‘अमुक ट्रेडर्स’ किंवा ‘तमुक इम्पेक्स’च्या नावाची पाकिटं येऊ लागली तर ती हसण्यावारी नेऊ नयेत. पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे लेखी तक्रार करावी. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर तिचा नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

दार कोणासाठी उघडावंच लागतं?

अशी यादी फार छोटी आहे. तिच्यात जनगणनेचा कर्मचारी नक्की येतो. जनगणना २०२७ चा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, राज्याराज्यांत तीस-तीस दिवसांचा ठरला आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक आहे आणि ‘देशाच्या चालीरीती पाहता वाजवी’ इतका प्रवेश द्यावा लागतो. दारावर क्रमांक लिहू द्यावा लागतो. याच कायद्यात घरातल्या बाईचं नाव सांगण्याची सक्ती नाही आणि बाईवर नवऱ्याचं नाव घेण्याची सक्ती नाही. उखाणा न घेताही जनगणना होऊ शकते, असा विचार १९४८ मध्ये केला गेला होता. ज्यांना दारात उभं राहून उत्तरं द्यायची नसतील, त्यांच्यासाठी या वेळी ऑनलाइन स्व-गणनेची सोय आहे.

सर्वेक्षक आणि रहिवासी दोघांचीही पंचाईत कशी होते ते मुंबईने जानेवारी २०२४ मध्ये पाहिलं. राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी महापालिकेचे कर्मचारी घरोघरी गेले. दारातच जात विचारली म्हणून काहींनी समाजमाध्यमांवर संताप व्यक्त केला. एका मराठी अभिनेत्याच्या पोस्टमधल्या भाषेवर कर्मचारी संघटनांनी आक्षेप घेतला आणि त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. प्रश्न त्या कर्मचाऱ्याने ठरवलेले नव्हते. तो नेमून दिलेलं काम करत होता.

वीज आणि गॅस यांत फरक आहे. मुलुंडमध्ये महावितरण, तर अंधेरी-बोरिवलीकडे मुख्यतः अदानी इलेक्ट्रिसिटी. मीटर बहुतेक इमारतींत तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असतात, त्यामुळे वीज कंपनीच्या माणसाला स्वयंपाकघरात यायचं सहसा कारणच नसतं. वीज कायदा, २००३ चं कलम १६३ कंपनीच्या अधिकृत माणसाला वाजवी वेळी, रहिवाशाला कळवून, तपासणीसाठी आत येण्याचा अधिकार देतं. वीजचोरीच्या संशयावरून राहत्या घराची झडती मात्र सूर्यास्तानंतर, घरातला सज्ञान पुरुष हजर नसताना घेता येत नाही. महानगर गॅसच्या पाइपलाइनचं मीटर नेमकं स्वयंपाकघरात असतं. म्हणूनच घरात शिरू पाहणाऱ्या भामट्याला गॅसचा बहाणा जास्त सोयीचा. ओळखपत्र पाहावं, शंका असेल तर बिलावरच्या क्रमांकावर फोन करावा, आलेल्या माणसाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. मीटरचं रीडिंग ग्राहकाला स्वतःही कळवता येतं. दारात रोख पैसे मागितले तर माणूस खोटा समजावा.

पोलीस असल्याचं सांगणाऱ्याकडेही ओळखपत्र मागता येतं. खरा पोलीस त्यावर चिडत नाही, निदान चिडू नये. घरझडतीचं आता ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर महिलांना आणि साठीपुढच्या पुरुषांना त्यांच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे येण्याची सक्ती करता येत नाही (कलम १७९). तोतया पोलिसाला न्याय संहितेच्या कलम २०४ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

बाकीचे सगळे ‘नको’ म्हणता येण्याजोगे. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी यायचंच नाही. वर्गणी मागणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि ती पाहायला मागण्यात गैर काही नाही. आपल्याच गल्लीतल्या मुलांकडे ती मागण्याचं धाडस किती जण करतील, हा भाग वेगळा. धमकी देऊन वसूल केली तर ती वर्गणी राहत नाही, खंडणी होते.

एका प्रकाराबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तो अनेक वर्षं जुना असूनही दर काही महिन्यांनी नव्याने फसवतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला भांडी किंवा दागिने चमकवण्याची पावडर घेऊन दोघं येतात. आधी तांब्याचा तांब्या, मग चांदीचं निरांजन फुकट लखलखीत करून दाखवतात. विश्वास बसला की बांगड्या, मंगळसूत्र. दागिने हळदीच्या पाण्यात, कुकरमध्ये ठेवायला सांगतात आणि ‘पंधरा मिनिटं उघडू नका’ असं बजावून निघून जातात. कुकर उघडल्यावर दागिने नसतात, किंवा असतात पण हलके झालेले. हलके होतात ते हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणामुळे. त्याला अम्लराज म्हणतात आणि सोनं त्यात विरघळतं. ते द्रावण भामटे सोबत नेतात आणि नंतर त्यातून सोनं वेगळं करतात. निवडलेलं घर बहुतेक वेळा असं असतं जिथे दुपारी एकटी ज्येष्ठ व्यक्ती असते. मुंबई पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची मदतवाहिनी १०९०, तातडीसाठी ११२.

गेटवर कोणाला अडवतात?

या सगळ्यावर सोसायट्यांनी काढलेला उपाय म्हणजे गेट. नोंदवही, इंटरकॉम, फोनवर ‘मंजूर की नामंजूर’ विचारणारं ॲप, आणि डिलिव्हरीच्या मुलांसाठी वेगळी लिफ्ट. रोज वीस वेळा येणाऱ्या डिलिव्हरी बॉयची नोंद होते, फोटो निघतो. त्याचं नाव, क्रमांक, कंपनी आणि गाडीचा मार्ग सगळं आधीच कुठे ना कुठे नोंदलेलं असतं, म्हणजे सगळ्यात सहज सापडणारा माणूस तोच. दागिने चमकवणारे मात्र ‘बारा-शून्य-दोनमधल्या काकूंनी बोलावलंय’ म्हणून आत येतात, कारण लॉबीतल्या पाटीवर प्रत्येक फ्लॅटचं आडनाव लिहिलेलं असतं. वीसदा फोन वाजल्यावर एकविसाव्या वेळी न बघता ‘मंजूर’ दाबलं जातं, हेही खरं.

गेटवर जमणाऱ्या माहितीचा प्रश्न त्याहून मोठा होत चाललाय. कोण, केव्हा, कुणाकडे आलं, घर किती दिवस बंद होतं, याची वर्षावर्षांची नोंद ॲपमध्ये साठते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कशासाठी घेतली हे सांगणं, काम झाल्यावर ती पुसणं, या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील आणि सोसायटीचं ॲप चालवणाऱ्यांनाही त्या पाळाव्या लागतील. वॉचमनच्या टेबलावरच्या कागदी वहीला मात्र हा कायदा लागू नाही. ती जोवर कुणी संगणकावर उतरवून घेत नाही, तोवर तिच्यातली नावं, मोबाइल क्रमांक आणि फ्लॅट क्रमांक पुढचा सही करणारा निवांत वाचू शकतो.